गल्लीत न येणारी बस

रायपूरच्या पुरानी बस्तीत मोठी बस शिरत नाही. ऑटो शिरतो, ई-रिक्षा शिरते, लग्नाच्या दिवसांत घोडीसुद्धा बँडबाजासकट शिरते. पण पंचेचाळीस सीटांची टूरिस्ट बस महामाया मंदिराच्या वाटेला आणायची म्हटली तर आधी चार ओटे फोडावे लागतील आणि एक पानठेला उचलून बाजूला ठेवावा लागेल. म्हणून आमची सहल निघते ती लाखेनगर चौकातून. पौषातल्या एखाद्या रविवारी पहाटे पाच-सव्वापाचला गल्ल्यागल्ल्यांतून माणसं बाहेर पडायला लागतात. डोक्याला मफलर, अंगात दोन स्वेटर, एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची कॅन. जाता जाता शेजारच्या दारावर टकटक. "काकू, निघालात का?" आतून उत्तर येतं, "निघून राहिले रे, गॅस तेवढा बघते." रायपूरच्या मराठीत माणूस काही करत नसतो, तो करून राहिलेला असतो. पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत.

या सहलींना मी आधी डबे उचलणारा मुलगा म्हणून गेलो, आता डबे उचलायला मुलं शोधणारा म्हणून जातो. आमच्या गटाला नाव नाही. नोंदणी नाही, लेटरहेड नाही, अध्यक्ष तर मुळीच नाही, आणि इतकी वर्षं तो टिकला याचं कारण बहुधा हेच असावं. आहे ती एक दोनशेपानी वही, अलीकडे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आणि ती वही ज्यांच्याकडे असते ते काका. दिवाळीनंतर थंडी पडली की सहली सुरू होतात, होळीच्या आत संपतात. त्यानंतर रायपूरचं ऊन बसच्या पत्र्यावर पापड भाजण्याच्या लायकीचं होतं आणि जेवणाचे डबे दुपारपर्यंत टिकत नाहीत.

आम्ही मराठी माणसं इथं कशी, हा प्रश्न महाराष्ट्रातून आलेल्या प्रत्येकाला पडतो, तेव्हा ते एकदा सांगून टाकतो. १७४१ मध्ये नागपूरकरांचे सेनापती भास्करपंत यांची स्वारी छत्तीसगडावर आली. १७५८ पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांचे चिरंजीव बिंबाजी रतनपुरात राहून इथला कारभार पाहू लागले, ते १७८७ मध्ये वारले, आणि पुढे नागपूरहून सुभेदार येत राहिले. १८१८ मध्ये कर्नल अ‍ॅग्न्यूने मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला आणलं. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. राज्य गेलं, कारकून राहिले. मागाहून वकील आले, मास्तर आले, रेल्वेतले बाबू आले. शहरातल्या एका जुन्या वस्तीचं नाव आजही तात्यापारा आहे; पारा म्हणजे इथल्या बोलीत आळी. कोण्या तात्याची आळी म्हणून ती ओळखली जाऊ लागली, यापेक्षा मोठा पुरावा मला लागत नाही.

आणि लाखेनगर हे नाव तरी कोणाचं? वामनराव बळीराम लाखे. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक निघालं, त्याचे हे प्रकाशक. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर. तीन मराठी माणसांनी हिंदीसाठी काढलेलं मासिक. याच सप्र्यांनी पुढे 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. लाखे मात्र सहकाराकडे वळले. शेतकऱ्यांना कर्ज मिळावं म्हणून १९१३ मध्ये रायपुरात सहकारी बँक उभी करण्यात त्यांचा मोठा हात होता. वर्गणी काढून दहा जणांचं काम एकत्र करणाऱ्या माणसाच्या नावाच्या चौकातून आमची वर्गणीची बस सुटते. हा योगायोग काकांना फार आवडतो, दर सहलीला ते तो माइकवरून सांगतात, आणि दर सहलीला मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणतं, "काका, पोहे केव्हा?"

वही उघडून दाखवल्याशिवाय या संस्थेचा परिचय पुरा होणार नाही. डाव्या पानावर नावं, उजव्या पानावर पैसे. सगळं गणित एकाच गोष्टीभोवती फिरतं: बसचं भाडं ठरलेलं असतं, माणसं ठरलेली नसतात. समजा भाडं १८,००० रुपये. पंचेचाळीस आले तर माणशी ४००. छत्तीसच आले तर माणशी ५००. आदल्या रात्री नऊ जणांना एकाच वेळी ताप आला की उरलेल्या छत्तिसांच्या खिशातून शंभर-शंभर रुपये जातात, आणि ताप तर रविवारच्या थंडीत फार पटकन येतो. म्हणून वहीत तिसरा एक रकाना आहे, त्यावर लिहिलंय 'राखीव'. तिथली माणसं शनिवारी रात्री दहापर्यंत बॅग भरून बसतात. नाव दिलं आणि आलं नाही तर पैसे परत नाहीत, हा नियम करायला काकांना बरीच वर्षं लागली. तो पाळायला अजून लागताहेत. शेजाऱ्याचे पैसे दाबून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच घरून विरजण आणायचं, हे जमत नाही.

बसवाल्याशी व्यवहार मात्र रोखठोक. आमच्यासारख्या गटाने भाड्याने घेतलेली बस कायद्याच्या भाषेत कॉन्ट्रॅक्ट कॅरेज. म्हणजे संपूर्ण बस एका कराराने एका गटाला दिलेली. वाटेत हात दाखवणाऱ्याला चढवायचं नाही, तिकीट फाडायचं नाही. तिकीट फाडत थांबत जाणारी ती स्टेज कॅरेज, म्हणजे आपली नेहमीची प्रवासी गाडी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात या दोघींच्या व्याख्या वेगळ्या आहेत, परवाने वेगळे आहेत. टूरिस्ट बस पांढरी का असते हेही कित्येकांना माहीत नसतं. बसवाल्याची आवड म्हणून नव्हे, केंद्रीय नियमांत तसं लिहिलं होतं म्हणून: पांढरा रंग, मधून पाच सेंटिमीटरची निळी पट्टी, दोन्ही अंगांना वर्तुळात 'टूरिस्ट' हा शब्द. त्याच नियमात प्रवाशांची यादी तीन प्रतींत करायलाही सांगितलं होतं. आता बऱ्याच गोष्टी ऑनलाइन झाल्या, पण काका अजून कार्बन पेपर लावून यादी करतात. एक प्रत ड्रायव्हरकडे, एक स्वतःकडे, एक देवाकडे. देवाकडची म्हणजे घरी देव्हाऱ्यात ठेवलेली. काही झालंच तर काकूंना कळायला हवं कोण कोण गाडीत होतं.

ड्रायव्हरच्या बाबतीत आमचा गट जरा जुन्या वळणाचा आहे. मोटार परिवहन कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता. दिवसाला आठ तासांचं काम, आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती. सहलीच्या बसवर हे कागदावरच राहतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण आठ तासांचे चौदा करणारे आम्हीच असतो. "भैया, थोडं पुढे एक मंदिर आहे, जाता जाता." हे 'जाता जाता' येऊन-जाऊन चाळीस किलोमीटरचं असतं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून ठेवलंय, ड्रायव्हरचं जेवण पहिल्या पंगतीत आणि जेवणानंतर एक तास गाडीची चावी त्याच्या उशाशी. पोटभर जेवून डिकीच्या सावलीत तो घोरत असला की मला पुढच्या प्रवासाची काळजी वाटत नाही.

सीटांचं राजकारण हा स्वतंत्र विषय आहे, पण तो मी आवरता घेतो. मागच्या चाकावरच्या आणि त्यामागच्या सीटला सगळ्यात जास्त हिसके बसतात, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या सगळ्यात कमी; त्यामुळे मधल्या सीटा पाठदुखीवाल्यांना, पुढच्या ओकारीवाल्यांना, आणि शेवटची लांब सीट कॉलेजातल्या पोरांना, ज्यांना हिसके हवेच असतात. खिडकी जाताना एकाला, येताना दुसऱ्याला. एवढं स्पष्ट लिहूनही दर वेळी एक तरी वहिनी रुमाल टाकून सीट धरते, आणि दर वेळी तो रुमाल कोणाचा हे कोणालाच माहीत नसतं.

आता मुद्द्याचं. सहल कशावर बिघडते? पावसावर नाही, पंक्चरवर नाही, जेवणावर तर नाहीच. ती बिघडते तिसऱ्या ठिकाणावर.

हिशेब मांडून बघा. व्यावसायिक गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक असतो, पण टोल, गावं, गुरं धरून बस तासाला चाळीस-पंचेचाळीसच काटते. सिरपूर इथून सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे दोन तास. तिथं पोचल्यावर पंचेचाळीस माणसं उतरतात आणि सगळ्यांना आधी एकच गोष्ट आठवते. तीन शौचालयं धरा, माणशी दोन मिनिटं धरा. अर्धा तास गेला, अजून देऊळ दिसलेलं नाही. मग चहा. मग फोटो. मग "आमचे हे कुठे गेले?" पंचेचाळीस माणसांना एका जागेवरून उठवून बसमध्ये बसवायला वीस मिनिटांच्या आत कोणी दाखवावं, मी त्याच्या पाया पडेन. हे सगळं दिवसात दोनदा करता येतं. तिसऱ्यांदा केलं की माणसं देवळासमोर उतरतच नाहीत, खिडकीतून हात जोडतात. मोठ्या टूरवाल्यांच्या जाहिरातीत 'एका दिवसात सात ठिकाणं' वाचलं की मला त्या सात ठिकाणच्या शौचालयांची रांग दिसते.

आमच्या गटानेही हा गाढवपणा करून झालाय. सकाळी आरंगचं भांड देऊळ, मग सिरपूर, मग राजिम, मग चंपारण्य. चंपारण्याला वल्लभाचार्यांच्या जन्मस्थानी पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि अर्धी बस झोपलेली होती. त्या दिवशीच्या सिरपूरचं मला काहीही आठवत नाही. सिरपूरला गेलो आणि काही आठवत नाही, ही लाजेची गोष्ट आहे.

कारण सिरपूर म्हणजे जुनं श्रीपूर, दक्षिण कोसलाची राजधानी. इथलं लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातलं, विटांचं, आणि नाव काहीही असलं तरी विष्णूचं. राणी वासटेने ते बांधवलं, नवरा हर्षगुप्त गेल्यावर, त्याच्या आठवणीसाठी. तिचा मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन तेव्हा गादीवर होता. नुसतं बघून "छान आहे" म्हणून पुढे जाणाऱ्यांना मी आता हाताला धरून थांबवतो आणि एकच गोष्ट दाखवतो. भिंतीवर खिडक्या आहेत ना, त्या खिडक्या नाहीत. विटांत कोरलेला खिडकीचा भास आहे. कमान आहे, चौकट आहे, आत अंधारसुद्धा आहे, पण तो कोरलेल्या खोलीचा अंधार. वीट म्हणजे भाजलेली माती. कोरताना टवका उडाला तर दगडासारखं घासून सारखं करता येत नाही. तरी शेकडो विटांवरून एकच नक्षी अखंड वाहत जाते आणि सांधा कुठे आहे हे जवळ जाऊन डोळे बारीक करून शोधावं लागतं. दगडाची आहे ती दाराची चौकट, आणि तिच्या वरच्या पट्टीवर शेषशायी विष्णू निवांत पहुडलेला. शिखराचा माथा गेला, पुढचा मंडप गेला, खांबांची नुसती बुडं उरली. हा मात्र तसाच आडवा.

पंधरा मिनिटं त्या भिंतीसमोर उभं राहायला लागतं. भरगच्च सहलीत ती पंधरा मिनिटं असतातच कुठे?

आणखी एक गोष्ट मी मराठी मंडळींना तिथं मुद्दाम सांगतो. १९५३ ते ५६ या काळात सिरपूरला उत्खनन करून इथले बौद्ध विहार उजेडात आणणारे मो. गं. दीक्षित हे मराठी संशोधक. आनंदप्रभू कुटी विहारात आपण ज्या पायऱ्या चढतो, त्या मातीखाली होत्या. या भागातल्या ताम्रपटांवर, शिलालेखांवर आयुष्य घालवणारे वा. वि. मिराशी नागपूरचे. आमच्या बसमधल्या एका आजोबांनी हे ऐकून विचारलं होतं, "मग आपल्याला शाळेत का नाही शिकवलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, बसमधल्या तीन निवृत्त मास्तरांकडेही नव्हतं.

सिरपूरलाच पुढे सुरंग टीला आहे. उंच ओट्यावर देवळं आणि वर जायला दगडी पायऱ्यांची सरळसोट चढण. या पायऱ्या मध्येच लाटेसारख्या वाकल्या आहेत, भूकंपाने असं सांगतात. गुडघेवाल्यांनी खाली बसून डबे उघडावेत. आमच्याकडे ते तसंही होतंच.

डब्यांविषयी थोडं. रायपूरच्या मराठी घराचा सहलीचा डबा हा सरळ मराठी नसतो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असते, पण तिच्या शेजारी ठेठरी-खुर्मी असते, कोणाच्या तरी डब्यातून तांदळाचे फरे निघतात, आणि छत्तीसगडी सून आली असेल त्या घरातून चिला येतो, टोमॅटोच्या चटणीसकट. पंगतीत कोणाच्या डब्यातलं काय खाल्लं याचा हिशेब राहत नाही. पोहे फक्त गटाचे. एका मोठ्या पातेल्यात, पहाटे तीनला उठून केलेले, गाडी मंदिर हसौदच्या पुढे गेली की द्रोणातून वाटायचे. त्याआधी कोणालाही नाही, काकांनाही नाही.

आणि आता ती गोष्ट, जी सांगायचं मी टाळत होतो. राजिमची सहल होती, माघातली, जत्रेचे दिवस. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत राजिमला महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर मोठा मेळा भरतो. पात्रात वाळूवर दुकानं, मध्येच उंच जोत्यावर कुलेश्वर महादेव, काठावर राजीवलोचन मंदिर. पार्किंगच्या मैदानात पन्नासेक बस, सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांना निळी पट्टी. निघताना मोजणी माझ्याकडे होती. दाराशी उभा राहून डोकी मोजली. त्रेचाळीस. येताना त्रेचाळीस, आता त्रेचाळीस. "चला भैया." अभनपूरच्या अलीकडे एका आजींनी शेजारी ब्लँकेट घेऊन झोपलेल्या बाईला उठवलं, "मावशी, पाणी हवंय?" ब्लँकेटमधून जो चेहरा बाहेर आला तो आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. ती बिचारी दुर्गकडच्या कुठल्याशा गटाची, बस चुकली, ऊबदार जागा दिसली, झोपली. आमची मावशी तिकडे राजिमला फुटाण्याच्या गाडीजवळ उभी.

बस वळवली. मावशी रागावल्या नव्हत्या. फुटाणे खात होत्या. "मला ठाऊक होतं तुम्ही येणार. माझा डबा गाडीत आहे ना." पण परतीच्या वाटेवर माझ्याशी दीड तास कोणी बोललं नाही, आणि ते योग्यच होतं.

तेव्हापासून आमच्याकडे डोकी मोजत नाहीत. बस सुटण्याआधी काका माइकवर विचारतात, "आपापला शेजारी बघा. आपलाच आहे ना?" मग जो तो वळून शेजारच्याचं तोंड बघतो. सोपी गोष्ट आहे आणि कधी फसली नाही. पुरानी बस्तीत भिंतीला भिंत लागून घरं. पलीकडे खोकला वाढला की इकडे कळतं, कुलूप दोन दिवस दिसलं तर चौकशी होते. आम्ही आकड्यांवर विसंबलो तेव्हाच चुकलो.

माणसांनी गट करून प्रवासाला निघणं काही आजचं नाही. वारीतली दिंडी घ्या. तिला क्रमांक असतो, चालण्याची जागा ठरलेली असते, मुक्काम आणि जेवणाचे वार आधी लावलेले असतात. नियोजनात आजच्या कोणत्याही कंपनीला ऐकणार नाही. इंग्लंडात टॉमस कुकने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसं रेल्वेने नेली, माणशी एक शिलिंग घेऊन, दारूबंदीच्या सभेला. तीही एका दिवसाचीच सहल. मराठी मध्यमवर्गाला सामूहिक पर्यटनाची गोडी लावण्यात केसरी पाटलांचा वाटा मोठा. १९८४ मध्ये त्यांनी केसरी टूर्स काढली. २०१३ मध्ये त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी वीणा वर्ल्ड उभी केली. दूरच्या प्रवासाला, परदेशाला ही मंडळी हवीत. पण ऐंशी किलोमीटरवरच्या सिरपूरला जायला गल्ली पुरते.

पण माझ्या लेखी या वस्तीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा सामूहिक प्रवास १८७७ चा. कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला आले होते, आणि त्यांचं कुटुंब मागाहून निघालं. रेल्वे तेव्हा नागपूरपर्यंतच. रायपूरला आगगाडी यायला अजून दहाएक वर्षं होती. अलाहाबाद, जबलपूर करत नागपूर, आणि तिथून पुढे बैलगाड्या. पंधरवड्याहून जास्त दिवसांचा प्रवास, बरोबर दुसरं एक बंगाली कुटुंबही. या गाड्यांत चौदा वर्षांचा एक मुलगा होता, नरेंद्रनाथ. वाटेत डोंगराच्या कपारीत वरपासून खालपर्यंत लोंबणारं मधमाश्यांचं अवाढव्य पोळं त्याला दिसलं आणि त्या माश्यांच्या राज्याचा विचार करता करता त्याचं बाह्य भान हरपलं, असं त्याच्या चरित्रांत नोंदलं आहे. तो मुलगा पुढे विवेकानंद झाला. दत्त कुटुंब सुमारे दोन वर्षं इथं राहिलं, आमच्या शेजारच्या बूढापाऱ्यात. बूढा तलावाच्या मधोमध आता स्वामीजींचा पुतळा आहे.

नागपूर ते रायपूर आज बसने पाच-सहा तास. मधमाश्यांचं पोळं दिसलं तरी कोणी थांबणार नाही, आणि थांबलाच तर "भैया, उशीर होतोय" म्हणणारा पहिला माणूस मीच असेन.

अलीकडे एक फरक पडलाय. रायपूर-धमतरीची नॅरो गेज, १९०० पासूनची आमची झुकझुक, तिची राजिमला जाणारी फाटा लाइन, हे सगळं गेलं. मोठ्या रुळांवरची मेमू अभनपूरपर्यंत ३० मार्च २०२५ रोजी सुरू झाली. पोरं म्हणतात, आता बस कशाला, ट्रेनने जाऊ. जावं. पण ट्रेन पोहे वाटेपर्यंत थांबत नाही आणि शेजारी बदलत राहतो.

महाराष्ट्रातल्या सहलमंडळांना मात्र एक सांगायचंय. तुमच्या बस नागपूरहून निघतात त्या जगन्नाथपुरीला, रायपुरात बायपासवरूनच पुढे जातात. एक सकाळ द्या. बस बूढा तलावाशी उभी करा, आत ती येणार नाहीच, आणि चालत या. महामायेचं दर्शन घ्या. नवरात्रात आलात तर मनोकामना ज्योतींच्या रांगा बघायला मिळतील. टूरी हटरीतल्या जगन्नाथाला नमस्कार करा, म्हणजे पुरीला जाताय हे त्यालाही कळेल. जैतूसाव मठात जा. १९३३ च्या हरिजन दौऱ्यात गांधीजी रायपूरला आले होते, त्यांच्या आठवणी या मठात अजून सांगतात. तिथून दूधाधारी मठ. फक्त दुधावर राहणाऱ्या महंत बलभद्रदासांमुळे हे नाव, आणि तिथल्या राममंदिराशी नागपूरकर भोसल्यांचं नाव जोडलेलं. अडीच तास पुरतात. चपला चार ठिकाणी काढाव्या लागतात, तेव्हा बंदाचे बूट घालू नका. ओट्यावर बसलेल्या कोणालाही मराठीत रस्ता विचारा. चारातला एक मराठीत सांगेल, उरलेले तीन छत्तीसगडीत, पण पोचवतील सगळेच.

आमची पुढची सहल रतनपूरची आहे. अंतर एका बाजूने सुमारे १४० किलोमीटर, ठिकाणं दोनच: तिथली महामाया आणि रामटेकरी. रामटेकरीवरचं राममंदिर बिंबाजींनी बांधलेलं, नागपूरजवळच्या रामटेकाची आठवण म्हणून टेकडीचं नावही तेच. गाडी पहाटे पाचला लाखेनगर चौकातून सुटेल. पाणी घरचं आणावं, चहा घरूनच पिऊन यावा, आणि यायचं नसेल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवावं. राखीव यादीत सहा जण आहेत.